गरोदरपणात पाणीसुद्धा टिकत नव्हतं तेव्हा काय केलंत? अनुभव सांगा

वहिनीला तिसरा महिना लागलाय, आम्ही चोपड्याचे. दिवसभर उलट्या, डॉक्टर हायपरएमेसिस म्हणजे गरोदरपणातल्या अति उलट्या म्हणाले, लघवीत किटोन आलेत, म्हणजे अन्न मिळत नसल्याने शरीर चरबी जाळतंय. घरचे म्हणतात डोहाळे आहेत, होतं असं, पण तिच्याकडे बघवत नाही हो. ज्यांनी हे काढलंय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

भुसावळ
मला फोडणीचा वास आला की संपलं. आमच्याकडे ठेच्याच्या मिरच्या रोज भाजतात, सासूबाईंनी ते काम स्वतःहून मागच्या अंगणात नेलं, फार आधार वाटला. टिकायचं ते कोरडं, भाजलेला बिबड्याचा तुकडा, ज्वारीच्या लाह्या, तेही सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी. गरम अन्नाचा वास जास्त येतो म्हणून कळण्याची भाकरी गार करूनच खायची. पाणी जेवताना नाही, मधेमधे चमच्याने, ओआरएसचा बर्फ करून चोखायचा. लोहाच्या गोळीने मळमळ वाढायची, ती डॉक्टरांनी काही काळ थांबवली, फॉलिक ॲसिड चालू ठेवलं.

धुळे
माझं वजन ५२ वरून ४८ वर आलं. ५ टक्क्यांपेक्षा जास्त उतरलं की प्रकरण गंभीर धरतात, तेव्हा घरगुती उपायांत वेळ घालवू नका ताई. आमच्या मॅडमनी ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी बी-१ चं म्हणजे थायमिनचं इंजेक्शन दिलं. बरेच दिवस पोटात काही नसलं की शरीरातलं बी-१ संपत येतं, अशात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलेलंही खर्च होतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. एकाचं दोन दिसणं, चालताना तोल जाणं असं काही झालं तर लगेच सांगा. वहिनीसाठी हे नक्की विचारा.

शहादा
माझ्या बहिणीला औषधांनी, सलाईननेही फरक पडेना तेव्हा नाकातून बारीक नळी घातली. आई रडायला लागली, पण त्या नळीतून पातळ फीड हळूहळू जायचं आणि तेच टिकलं. सुरुवातीला फीड मुद्दाम कमी ठेवलं, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट तपासत होते, कारण उपाशी शरीराला एकदम भरपूर दिलं तर तेच बिघडतं. शिरेतून पूर्ण पोषण देतात पण तो शेवटचा उपाय, त्यात इन्फेक्शनची आणि गुठळीची भीती असते.

जळगाव
"नाटकं करते" म्हणणाऱ्यांना सांगा, २०२३ च्या संशोधनात जीडीएफ१५ नावाचं हार्मोन याच्यामागे दिसलंय, ते गरोदरपणात खूप वाढतं आणि ज्यांना आधीपासून त्याची सवय नसते त्यांना जास्त त्रास होतो. लघवी गडद झाली, कमी झाली किंवा उठताना चक्कर आली तर रात्र असली तरी दवाखान्यात न्या, आणि सध्या ऊन किती आहे बघताय ना.