फोक्सवॅगन हिटलरनं ‘दिली’ म्हणणाऱ्यांना एक सविस्तर उत्तर

घाटवाट

गाडीवेड्यांच्या एका गटात काल एकानं लिहिलं, "हिटलर बाकी कसाही असो, सामान्य जर्मन माणसाला गाडी त्यानंच दिली. आपल्याकडे असा एक नेता हवा होता." खाली अंगठ्यांचा पाऊस. दोन ओळींत उत्तर देऊन माझं समाधान होणार नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

दिली म्हणजे कुणाला दिली? गाडीसाठीची बचत योजना १९३८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली. आठवड्याला ५ राइशमार्क भरायचे, कार्डावर तिकिटं चिकटवायची, ९९० मार्क झाले की गाडी. व्याज शून्य, मध्येच सोडलं तर पैसे बुडाले. ३ लाख ३६ हजार लोकांनी नावं नोंदवली. त्यातल्या एकालाही गाडी मिळाली नाही. युद्ध लागलं, कारखान्यातून क्युबेलवागेन नावाच्या लष्करी गाड्या निघू लागल्या, आणि जमा झालेली रक्कम बर्लिनच्या बँकेतून रशियनांच्या हाती गेली. बचत करणारे युद्धानंतर कोर्टात गेले. तडजोड व्हायला १९६१ उजाडलं: नवी गाडी घेणार असाल तर जास्तीत जास्त ६०० मार्क सूट, नाहीतर रोख १००. ज्यांनी पोटाला चिमटा काढून तिकिटं चिकटवली त्यांच्या पदरात एवढंच पडलं.

कारखान्याचा पैसा कुठून आला तेही बघा. १९३३ मध्ये नाझींनी कामगार संघटना मोडल्या, त्यांची मालमत्ता गिळली, आणि त्यातून हा कारखाना उभा राहिला. युद्धकाळात तिथे सुमारे २० हजार लोकांना सक्तीनं राबवलं: पोलंड आणि सोव्हिएत भागातून उचलून आणलेली माणसं, युद्धकैदी, छळछावण्यांतले कैदी. या मजूर बायकांची तान्ही मुलं काढून घेऊन रुहेन गावच्या ‘बालगृहा’त ठेवली. तिथे शेकडो बाळं दगावली. कारखान्याच्या डॉक्टरला त्यासाठी ब्रिटिशांनी १९४७ मध्ये फाशी दिली.

लोकांच्या दारात गाडी उभी राहिली ती यानंतर. १९४५ मध्ये मोडकळीस आलेला कारखाना मेजर आयव्हन हर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्याच्या ताब्यात आला. यंत्रं उचलून न्यायचा विचार चालू होता. हर्स्टनं तिथल्या एका गाडीला लष्करी हिरवा रंग मारून वरिष्ठांना दाखवली आणि २० हजार गाड्यांची मागणी मिळवली. १९४८ पासून हाइनरिश नोर्डहोफनं सूत्रं घेतली. ५ ऑगस्ट १९५५ ला दहा लाखावी बीटल (याच गाडीचं रूढ झालेलं नाव) निघाली. १७ फेब्रुवारी १९७२ ला तिनं फोर्डच्या मॉडेल टीचा दीड कोटींचा विक्रम मोडला. शेवटची बीटल मेक्सिकोत प्वेब्लाच्या कारखान्यातून ३० जुलै २००३ ला बाहेर पडली, क्रमांक २,१५,२९,४६४. हे सगळं हिटलर मेल्यानंतरचं आहे. श्रेय द्यायचंच असेल तर त्या माणसांना द्या.

---

टीएसआय_विकी

लेख चांगला आहे, पण यावरून आता कुणी फोक्सवॅगनची पोलो घेणाऱ्या आमच्यासारख्यांना ओढू नका. माझ्याकडे पोलो आहे, आधी डिझेल होती, आता पेट्रोलची १.० टीएसआय. आम्ही ती घेतली कारण चालवताना मजा येते. आंबा घाटात वळणावर जशी रस्ता धरून बसते तशी त्या किमतीत दुसरी कुठली बसत होती ते सांगा. दार लावल्यावर येणारा आवाज ऐकूनच बाबांनी होकार दिला होता. खंबाटकीच्या उतारावर मागून टेम्पो आदळला. डिकी आत गेली, पण मागे बसलेल्या आईला खरचटलंसुद्धा नाही. गाडीची किंमत मी त्या दिवशी ठरवली. १९३८ मध्ये कुणी काय केलं त्याचा हिशोब चाकणला जोडलेल्या गाडीकडे कशाला मागायचा?

---

निवृत्त_अभियंता

घाटवाट, आपला लेख भावनेच्या भरात अर्धाच झाला आहे. हर्स्टनं जे सुरू केलं ते कुठल्या कारखान्यात? कुठल्या आराखड्यावर? सरकारच्या सांगण्यावरून वाहन उद्योगाच्या संघटनेनं १९३४ मध्ये फर्डिनांड पोर्शे या अभियंत्याला काम दिलं नसतं तर हर्स्टला रंग मारायला गाडीच नव्हती. तेवढा पैसा ओतायची खासगी उद्योगाची तयारी नव्हती. हे कटू वाटलं तरी इतिहास आहे. मी हिटलरचं समर्थन करत नाही, हे आधीच स्पष्ट करतो.

शिवाय आपण ज्या नोर्डहोफला डोक्यावर घेतलंत तो युद्धात ओपेलचा ब्रांडनबुर्गचा ट्रक कारखाना चालवत होता. तिथेही सक्तीचे मजूर होते. नाझी राजवटीनं त्याला ‘लष्करी अर्थव्यवस्थेचा नेता’ हा किताब दिला होता, म्हणून अमेरिकनांनी त्यांच्या ताब्यातल्या भागात त्याला काम दिलं नव्हतं. हे आपण का गाळलंत?

---

घाटवाट

नोर्डहोफबद्दल म्हणता ते खरं आहे, लेखात यायला हरकत नव्हती. आराखड्याबद्दल मात्र बिलकुल नाही. पोर्शेनं हे काम मिळायच्या आधीच झ्युनडाप आणि मग एनएसयू या मोटारसायकल कंपन्यांसाठी जवळपास याच पद्धतीच्या छोट्या गाड्या काढल्या होत्या. एनएसयूची तर मागे इंजिन, गोल पाठ, सगळं तेच.

आणि योझेफ गान्झ? हा ज्यू अभियंता आणि संपादक वर्षानुवर्षं स्वस्त, हलक्या, मागे इंजिन असलेल्या गाडीसाठी लिहीत होता. त्याच्या कल्पनेवरची श्टांडार्ड सुपेरियर १९३३ च्या बर्लिन प्रदर्शनात मांडली होती, आणि तिची जाहिरातही ‘जर्मन लोकगाडी’ अशीच झाली. त्याच वर्षी गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, त्याला पकडलं, पुढच्या वर्षी त्याला देश सोडावा लागला, १९६७ मध्ये तो ऑस्ट्रेलियात वारला. कल्पना हवेतच होती. ती मांडणाऱ्या माणसालाच हाकलून लावणाऱ्यांना श्रेय द्यायचं?

---

सातारी_तात्या

हिटलर राहू द्या हो बाजूला, तो मेला. २०१५ चं बोला. डिझेलमध्ये सॉफ्टवेअर घालून अख्ख्या जगाला फसवलं. प्रयोगशाळेत चाचणी चालू आहे हे गाडी ओळखायची, तेवढ्यापुरता धूर स्वच्छ आणि रस्त्यावर आली की मोकाट. १ कोटी १० लाख गाड्या! हे नाझींनी नाही केलं, सुटाबुटातल्या अभियंत्यांनी केलं. आणि आमची पोरं अजून ‘जर्मन इंजिनिअरिंग’ म्हणत फिरतात.

---

टीएसआय_विकी

आलं का डिझेल! तात्या, बाकीच्या कंपन्या धुतल्या तांदळासारख्या आहेत का? रस्त्यावर मोजलं तेव्हा युरोपातल्या कितीतरी कंपन्यांच्या डिझेल गाड्या मर्यादेच्या बाहेर होत्या. आधी पकडली गेली ती ही, म्हणून तिलाच झोडपायचं. माझ्या डिझेल पोलोला १.५ टीडीआय होतं. तिलाही परत बोलावलं, सॉफ्टवेअर बदललं, पुढे तशीच चालली. मला काडीचाही त्रास झाला नाही.

---

सातारी_तात्या

तुला त्रास झाला नाही म्हणून संपलं? माझ्या नातीला दमा आहे. हायवेला लागून घर आहे आमचं, हिवाळ्यात रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन बसतो. नायट्रोजन ऑक्साईड तुझ्या गाडीत बसलेल्याला लागत नाही, मागे उभ्या असलेल्याला लागतो. भारतात ३ लाख २३ हजार ७०० गाड्या परत बोलावल्या, ऑडी आणि स्कोडा धरून. पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेनं रस्त्यावर मोजलं तेव्हा मर्यादेच्या ५ ते ९ पट धूर निघाला. हरित लवादानं मार्च २०१९ मध्ये ५०० कोटींचा दंड लावला, तो सर्वोच्च न्यायालयात थांबला. तू सांग, कुणाला काय मिळालं?

---

टीएसआय_विकी

नातीबद्दल वाईट वाटतं, मनापासून. पण त्या हायवेवरून दिवसभर जाणारे ट्रक आणि एसटी कुणी बनवल्या? सगळा दमा माझ्या पोलोच्या नावावर लिहू नका. आणि ‘तुझी गाडी’ ‘तुझी गाडी’ करून अंगावर येणं बंद करा, मी काही कंपनीचा नोकर नाही.

---

अनुराधा_ब्राउनश्वाइग

मी वोल्फ्सबुर्गपासून, म्हणजे फोक्सवॅगनच्या मुख्य कारखान्याच्या शहरापासून, अर्ध्या तासावर राहते, म्हणून दोन गोष्टी सांगते.

तात्या विचारतात कुणाला काय मिळालं. इथे ग्राहक संघटनेनं सामूहिक दावा लावला. २०२० मध्ये सुमारे ८३ कोटी युरोंची तडजोड झाली, माणशी १,३५० ते ६,२५७ युरो. अमेरिकेत तर गाड्या परत विकत घेतल्या. माझ्या शेजारच्या आजोबांनी तो धनादेश घेतला आणि पुढची गाडीही तीच घेतली, कारण त्यांचा मुलगा आणि सून दोघं त्याच कारखान्यात आहेत. इथे या कंपनीवर रागावणं म्हणजे घरात रागावणं. इथल्या लोअर सॅक्सनी राज्याकडे कंपनीतले मतदानाचे २० टक्के हक्क आहेत. २०२४ च्या डिसेंबरात २०३० पर्यंत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायचा करार झाला, तेव्हा आमच्या गल्लीत लोकांनी नाताळच्या खरेदीला हात आखडता घेतला.

दुसरं, ‘१९३८ चा हिशोब कशाला’ यावर. कंपनीनं स्वतः १९८६ मध्ये हान्स मोमझेन या इतिहासकाराला तो हिशोब काढायला सांगितला. कारखान्याच्या आतच, युद्धातल्या जुन्या बंकरमध्ये, सक्तीच्या मजुरांचं स्मारक आहे. जे कंपनीला जड गेलं नाही ते गाडीच्या मालकांना का जड जावं?

---

सातारी_तात्या

बघा! जर्मन माणसाला हजारो युरो, आपल्याला सॉफ्टवेअर. मी हेच म्हणतोय.

पण एक बोलतोच. दोष एकट्या कंपनीचा नाही. आपल्याकडे रस्त्यावर मोजायचा नियमच नव्हता, तो आला एप्रिल २०२३ पासून. कंपनी म्हणाली आम्ही भारतातला नियम मोडला नाही, आणि नियमच लुळा असेल तर तिला पकडणार कशात? पीयूसीचं काय चालतं ते तर सगळ्यांना माहीत आहे. आमच्या तालुक्याला मी गाडी घेऊन गेलो, पोरानं नळी सायलेन्सरमध्ये घातलीच नाही, नंबर प्लेटचा फोटो काढला आणि कागद हातात. मी म्हटलं मोज की बाबा. तो म्हणाला, काका, सगळे असंच नेतात. मी तिथेच बसून राहिलो, मोजल्याशिवाय हललो नाही. मागे रांगेत उभे होते ते मलाच शिव्या देत होते.

---

रानवारा

पीयूसीवर +१. आमच्याकडे तर गाडी न नेताच मिळतं, फोटो पाठवला की झालं. जर्मनीला नावं ठेवण्याआधी हे बघा.

---

चाकणचा_पोरगा

सगळे चाकणचं नाव घेताय पण चाकणवाल्याला कुणी विचारलं नाही. मी एका सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, नाव घेत नाही. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. गावातल्या जमिनी गेल्या, काहींनी बंगले बांधले, काहींनी पैसे उडवले. माझा चुलतभाऊ आयटीआय करून वेल्डिंगला लागला. २०२२ मध्ये पोलो बंद झाली तेव्हा त्यानं स्टेटसला फोटो ठेवला, ‘आमच्या हातची’. तुम्ही म्हणता जर्मन गाडी. दादा, तिचं पत्र्याचं काम इथल्या पोरांनी केलंय. मेक्सिकोला गेलेल्या व्हेंटोसुद्धा इथूनच गेल्या.

आणि जगाच्या प्रदूषणावर बोलताच आहात तर तळेगाव चौकात संध्याकाळी या एकदा. बस, कंटेनर, दुचाक्या सगळे जागेवर उभे राहून धूर काढतात. शिफ्ट सुटल्यावर घरी पोचेपर्यंत मुलगी झोपलेली असते. यावर कुणी धागा काढत नाही.

---

निवृत्त_अभियंता

चाकणबद्दल पूर्ण सहमत. पण ‘जर्मन इंजिनिअरिंग’ या शब्दावर भुलू नका, हे विकीसाठी. ७ गिअरच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काय झालं? चीनमध्ये २०१३ च्या मार्चमध्ये ३ लाख ८४ हजार गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याच वर्षी पुन्हा जगभरात १६ लाख गाड्यांचं गिअरबॉक्सचं सिंथेटिक तेल काढून खनिज तेल घातलं. उष्ण, दमट हवेत त्या तेलामुळे विजेच्या भागात शॉर्टसर्किट होऊ शकत होतं. आपली हवा कशी आहे? मी आयुष्यभर यंत्रांत काम केलं. थंड देशात नीट चालतं ते मुंबईच्या मे महिन्यात चालेलच असं नाही, हे टाचणीएवढ्या भागातही दिसतं.

---

टीएसआय_विकी

म्हणूनच मी मॅन्युअल घेतली. तेल बदलून प्रश्न सोडवला ना त्यांनी? दडपला तर नाही. डिझेल दडपलं होतं, ते चूक होतं, घ्या, लिहून देतो. आता तरी तात्यांना झोप लागेल. पण ज्यांनी ती गाडी कधी चालवली नाही त्यांनी आम्हाला शहाणपण शिकवू नये.

---

घाटवाट

चालवली नाही कोण म्हणालं? माझ्या मामेभावाची व्हेंटो मी कोल्हापूर ते पणजी चालवली आहे. उत्तम गाडी आहे. माझा वाद गाडीशी नाहीच, मी एका वाक्याबद्दल लिहिलं होतं आणि इथे डिझेल, पीयूसी, तेल सगळं निघालं. अभियंतासाहेब, ३ लाख ३६ हजार लोकांच्या पैशांबद्दल आपण अजून एक शब्द बोललेला नाही.

---

निवृत्त_अभियंता

बोलतो. ती फसवणूक होती. सरकारनं ‘दिली’ हा शब्द तिथे लागू नाही, तेवढं मान्य. पण पोर्शे हा श्रेष्ठ अभियंता होता, त्याला राजकारणात ओढणं मला पटत नाही. त्याला आराखड्यापलीकडे कशात रस नव्हता.

---

अनुराधा_ब्राउनश्वाइग

काका, हे मी सोडणार नाही. पोर्शे तेव्हा त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाचा प्रमुख होता. १९४२ मध्ये कारखान्याच्या आवारातच आर्बाइट्सडोर्फ नावाची छळछावणी होती, तिथले कैदी ओतशाळा बांधायला लावले होते. पोर्शेचा जावई आन्टोन पिएश तर रोजचा कारभार बघत होता. ज्याच्या कारखान्यात रोज हजारो माणसं पहाऱ्याखाली कामाला येत होती त्याला आराखड्यापलीकडचं काही दिसलंच नाही, हे मी कसं मानू?

---

निवृत्त_अभियंता

आर्बाइट्सडोर्फबद्दल वाचतो. मत बदलेलच असं नाही.