माला-डी घेत असताना अंडाशय लहान दिसले आणि एएमएच कमी आले

जास्वंद:
माझे वय ३१ आहे. पहिल्या मुलीनंतर मी चार वर्षे माला-डी ही गर्भनिरोधक गोळी घेतली. आता दुसऱ्या बाळाचा विचार असल्यामुळे गेल्या आठवड्यात, शेवटचे पाकीट संपत आलेले असतानाच, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करून घेतली. दोन्ही अंडाशय आकाराने लहान आहेत आणि एएमएच (बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) वयाच्या मानाने कमी आहे, असे अहवालात लिहिले आहे. गोळ्या चालू आहेत का, हे मात्र मला कोणीही विचारले नाही. सासूबाई म्हणतात की गोळ्यांनी अंडाशय वाळतात. बहीण म्हणते की चार वर्षे बीज बाहेर पडले नाही, म्हणजे तेवढी बीजे शिल्लक राहिली. खरे काय मानावे?

बकुळ:
मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. माला-डीच्या पाकिटातील २१ गोळ्यांत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखी कृत्रिम संप्रेरके असतात (उरलेल्या ७ गोळ्या केवळ लोहाच्या). त्यांच्यामुळे मेंदूतील पीयूषिका ग्रंथीकडून अंडाशयाला जाणारे एफएसएच आणि एलएच हे दोन्ही संदेश मंदावतात, त्यामुळे बीज धारण करणाऱ्या ज्या लहान पिशव्यांना आम्ही फॉलिकल म्हणतो, त्यांपैकी कोणतीच पूर्ण वाढत नाही आणि बीज बाहेर पडत नाही. एएमएच याच लहान, वाढू लागलेल्या फॉलिकलांत तयार होते. ती संख्येने कमी झाली की अंडाशयाचा आकार घटतो आणि एएमएचही साधारण २० ते ३० टक्क्यांनी खाली येते. गोळ्या थांबवल्यावर काही महिन्यांत दोन्ही पूर्ववत होऊ लागतात. म्हणून तुमचा अहवाल विश्रांतीत असलेल्या अंडाशयाचा आहे. तीन महिने गोळ्या बंद ठेवून तपासणी पुन्हा करावी.

बहिणीच्या म्हणण्याविषयी थोडे अधिक सांगते, कारण अनेक सुशिक्षित स्त्रियांचाही हाच समज असतो आणि त्या भरवशावर बाळाचा विचार पुढे ढकलला जातो. जन्मतः मुलीच्या अंडाशयांत १० ते २० लाख बीजे असतात आणि त्यांतील बहुतेक आपोआप नष्ट होतात. दर महिन्याला कित्येक फॉलिकल वाढीला लागून विरतात. ही गळती एफएसएचवर अवलंबून नसलेल्या सुरुवातीच्या टप्प्यापासूनच चालते, त्यामुळे गोळी ती थांबवत नाही. साठाही वाचत नाही आणि रजोनिवृत्तीही पुढे जात नाही. वयाचा हिशेब चालूच राहतो.

एक लाभ मात्र खरा आहे: दीर्घकाळ गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी आढळतो आणि गोळ्या थांबवल्यावरही हे संरक्षण अनेक वर्षे टिकते.

अबोली:
मी उपकेंद्रात परिचारिका आहे. हे सगळे गोळ्यांना लागू आहे. अंतरा या गर्भनिरोधक इंजेक्शनचे तसे नाही. ते दर तीन महिन्यांनी द्यावे लागते आणि शेवटच्या इंजेक्शननंतर गर्भधारणेला साधारण ७ ते १० महिने लागू शकतात. अंडाशयाला इजा झालेली नसते, औषध शरीरातून हळूहळू जाते, एवढेच. पण हे आधी न सांगितल्यामुळे घरात सुनेला वांझ म्हटलेले मी ऐकले आहे.

जास्वंद:
बकुळताई, गोळ्या थांबवल्यावर लगेच प्रयत्न केले तर चालेल का?

बकुळ:
चालेल. बीज पहिल्याच महिन्यात बाहेर पडू शकते. फॉलिक ॲसिड आजपासूनच सुरू करा, आणि तीन महिन्यांत पाळी आली नाही तर, गर्भ राहिला नसल्याची खात्री करून, दाखवून घ्या.