एक्सएमएल शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

निळाई
नमस्कार मंडळी. एचटीएमएल, सीएसएस आणि कामापुरतं जावास्क्रिप्ट येतं. आमच्या दिवाळी अंकाची ईपब (ई-पुस्तक) आवृत्ती काढायची आहे, शिवाय तेच लेख संकेतस्थळावरही हवेत. डीटीडी, एक्सएसडी, एक्सपाथ, एक्सएसएलटी, नेमस्पेस एवढी यादी समोर आहे. कोणत्या क्रमाने शिकू? रोज तासभर देता येईल.

दगडवाट
यादीतलं निम्मं आत्ता बाजूला ठेवा. डीटीडी आणि एक्सएसडी म्हणजे फाइलीची रचना ठरवणारे नियम, एक्सपाथ म्हणजे फाइलीतले घटक शोधायची भाषा, एक्सएसएलटी म्हणजे एक्सएमएलचं दुसरं रूप काढायची भाषा. पहिला आठवडा फक्त वेल-फॉर्म्ड (लेखनाचे नियम पाळणारं) एक्सएमएल लिहिण्यासाठी द्या: मूळ घटक एकच, प्रत्येक टॅग बंद, ॲट्रिब्यूटच्या किमती अवतरणात, पहिल्या ओळीच्या आधी रिकामी ओळ किंवा स्पेस नाही, फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन केलेली. एचटीएमएलमधल्या चुका ब्राउझर पोटात घालतो. एक्सएमएलचा पार्सर (फाइल वाचून तिची फोड करणारा प्रोग्राम) पहिल्या चुकीलाच थांबतो. १९९८ च्या मानकातच तसं सांगितलंय.

तुमच्याकडून हमखास होणारी चूक म्हणजे एनबीएसपी, म्हणजे ओळ न तुटू देणारी मोकळी जागा. एचटीएमएलच्या सवयीने ती एन्टिटी (चिन्हाऐवजी लिहायचं सांकेतिक नाव) लिहिली की पार्सर अडतो, कारण एक्सएमएलला उपजत पाचच एन्टिटी माहीत असतात: अँड-चिन्ह, दोन कोनकंस, दोन अवतरणं. तिथे   लिहा.

मग एखाद्या ईपबची प्रत घेऊन झिपसारखी उघडा. मेटा-आयएनएफ फोल्डरमधली कंटेनर फाइल तुम्हाला ओपीएफ फाइलपर्यंत, म्हणजे पुस्तकाच्या मुख्य माहितीच्या फाइलपर्यंत नेते. ओपीएफमध्ये तीन गोष्टी: मेटाडेटा (भाषा 'एमआर' ठेवा), मॅनिफेस्ट म्हणजे आतल्या फाइलींची यादी, आणि स्पाइन म्हणजे वाचनाचा क्रम. एक लेख हाताने जोडून बघा. मॅनिफेस्टात नोंद, त्याच आयडीचा संदर्भ स्पाइनमध्ये, आणि नॅव्ह (अनुक्रमणिकेच्या) फाइलीत दुवा. स्पाइनमधली नोंद राहिली की पानं उलटताना तो लेख लागतच नाही, आणि माणूस उगाच सीएसएस तपासत बसतो.

परत झिप करताना माइमटाइप नावाची फाइल सर्वांत आधी आणि न दाबता (कॉम्प्रेस न करता) भरायची, बाकीच्या नंतर. फोल्डरवर राइट क्लिक करून झिप केलं तर क्रम बिघडतो, वर बाहेरचं फोल्डरही आत जातं. शेवटी ईपबचेक हा ईपब तपासणारा प्रोग्राम चालवा. ते ओळ क्रमांकासह चूक सांगतं, त्यामुळे एक्सएसडी स्वतः लिहायला शिकायची आत्ता गरज नाही.

कोरा_कागद
+१. डीटीडी वाचता आली तरी पुरे. मात्र बाहेरून आलेल्या फाइली पार्स करणार असाल तर पार्सरमधल्या बाह्य एन्टिटी (दुसऱ्या फाइलीतला मजकूर आत ओढणाऱ्या) बंद करा, नाहीतर फाइल पाठवणारा तुमच्या सर्व्हरवरच्या फाइली वाचू शकतो.

जावास्क्रिप्टमध्ये डॉम-पार्सर (ब्राउझरमधला पार्सर) वापरताना एक ध्यानात ठेवा: चुकीच्या एक्सएमएलवर तो एरर फेकत नाही. 'पार्सरएरर' नावाचा घटक असलेला डॉक्युमेंट परत देतो. तो घटक आहे का, हे प्रत्येक वेळी तपासा.

निळाई
खूप आभार, दोघांचेही. ओपीएफवर एक्सपाथ चालवून पाहिला, //आयटम. उत्तर शून्य! फाइलीत तर वीस नोंदी दिसतायत.

दगडवाट
सगळे इथेच अडकतात, आणि इथेच नेमस्पेस, म्हणजे घटकांची नावं कोणत्या गटातली हे सांगणारी सोय, समजते. मूळ घटकावरचं एक्सएमएलएनएस हे ॲट्रिब्यूट आणि त्यातला पत्ता बघा. त्याने आतले सगळे घटक एका नेमस्पेसमध्ये गेलेत. एक्सपाथ १.० मध्ये उपसर्ग नसलेलं नाव म्हणजे कोणत्याही नेमस्पेसमध्ये नसलेला घटक, म्हणून शून्य. कोडमध्ये एक उपसर्ग, समजा 'ओ', त्याच पत्त्याशी बांधा आणि //ओ:आयटम लिहा. उपसर्ग तुमच्या मर्जीचा. पत्ता मात्र अक्षरन् अक्षर तोच हवा. लोकल-नेमची (नेमस्पेस सोडून फक्त नाव बघणाऱ्या फंक्शनची) पळवाट नुसतं डोकावायला ठीक, पक्क्या कोडमध्ये नको.

पानगळ
एक्सएसएलटी जरूर शिका, पण एक्सपाथ हाताखालून गेल्यावर. एकाच मजकुरातून ईपब आणि संकेतस्थळ अशी दोन रूपं काढायची तर ते याचंच काम. ब्राउझरच्या भरवशावर राहू नका. तिथे १९९९ ची १.० आवृत्तीच मिळते. आपल्या संगणकावर सॅक्सन या एक्सएसएलटी चालवणाऱ्या प्रोग्रामची मोफत एचई आवृत्ती बसवा, ३.० वापरता येईल.

आणि मराठी अंक आहे म्हणून मुद्दाम सांगतो. पान क्रमांक मूळ फाइलीत १२ असा देवनागरीत ठेवलात तर एक्सपाथला तो आकडा वाटत नाही. नंबर फंक्शन त्याचं एनएएन (म्हणजे 'आकडा नाही') करतं. एक्सएसएलटी १.० मध्ये आकड्यांनुसार सॉर्ट लावला तर सगळेच एनएएन, मग क्रम जसाच्या तसा राहतो आणि एररही येत नाही. साठवताना 12 ठेवा, दाखवताना ट्रान्सलेट फंक्शनला '0123456789' आणि '०१२३४५६७८९' द्या.

निळाई
हे आमच्या अनुक्रमणिकेत नक्की घडलं असतं. वाखूण साठवतेय.