पावसाळ्याआधी घरात काय साठवावं? चिपळूण, तळमजला, चौघांचं कुटुंब, महिना ८०० रुपये

खेर्डीची सून

नमस्कार. गेल्या वर्षी मे महिन्यात आम्ही रत्नागिरीहून चिपळूणला राहायला आलो. ह्यांची नोकरी लोटे एमआयडीसीत. घर भाड्याचं आहे, खेर्डीत, तळमजल्यावर. आम्ही दोघं, चार वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं.

जुलैत एका रात्री दीड वाजता शेजारच्यांनी दार वाजवलं, "नदी वाढतेय, जागे राहा." पाणी रस्त्यापर्यंत येऊन ओसरलं, घरात शिरलं नाही. पण त्या तीन-चार तासांत मला कळलं की घरात काहीच तयार नाही. लाइट गेलेली, मोबाइलला पंधरा टक्के चार्जिंग, एकच मेणबत्ती, पिण्याचं पाणी एक कळशी, आणि इन्सुलिन बंद पडलेल्या फ्रिजमध्ये. मुलाला कडेवर घेऊन मी नुसती उभी होते. काय उचलू आणि कुठे ठेवू, काही सुचेना.

आता पावसाळ्याला पाच महिने आहेत. घरखर्च, भाडं, औषधं जाऊन महिन्याला ८०० रुपये बाजूला काढता येतील, त्याहून जास्त नाही. नेटवर याद्या पाहिल्या. त्यात डबाबंद मांस, जनरेटर, वर्षभराचं धान्य असलं काय काय आहे. आपल्याकडच्या पुराला काय लागतं ते इथल्या माणसांनीच सांगावं. मागीलदारी थोडी जागा आहे, तिथे काही लावून उपयोग होईल का? आणि सुरुवात कशापासून करू?

पेठमापची काकू

बाळा, तुझं वाचून माझ्या पोटात कालवलं. त्या अवस्थेत मी उभी राहिलेली आहे. सविस्तर लिहिते, सावकाश वाच.

आमचं घर नदीजवळ. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्याकडे कमरेएवढं पाणी आलं होतं. तेव्हापासून आम्ही दर पावसाळ्यात सामान टेबलावर, कॉटवर, शिवणयंत्राच्या फळीवर चढवून ठेवायचो. वाटायचं, आपण शहाणे झालो. २१ जुलै २०२१ ला रात्रभर पाऊस कोसळला. २२ तारखेला पहाटे पाणी उंबऱ्यात, आणि उजाडेपर्यंत टेबल पाण्याखाली. पंचवीस किलो गव्हाचा पिंप टेबलावरून तरंगत उठला आणि आडवा झाला. शिवणयंत्रं दोन्ही गेली. आम्ही २००५ च्या मापाने तयारी केली होती, पाणी त्या मापाने आलं नाही.

म्हणून पहिलं काम पैशाचं नाहीच. घरमालकांना आणि शेजारच्या जुन्या माणसांना विचार, २०२१ ला इथे पाणी कुठवर होतं. भिंतीवर डाग दाखवतील. खडूने रेघ मार. ती रेघ माळ्याच्या वर असेल तर माळ्यावर ठेवलेली शिधासामग्री फुकट. मग वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी आजच बोलून ठेव, जिन्यात एक पेटी आणि दोन कॅन ठेवू द्याल का म्हणून. पूर आल्यावर सगळेच दार उघडतात ग, पण सामान आधीच वर असावं लागतं.

दुसरं, पाणी. आम्ही तेरा माणसं शेजाऱ्यांच्या माडीवर तीस तास होतो. चहूकडे पाणी आणि प्यायला नाही. भूक सहन झाली, तहान नाही झाली. टाकीत पाणी होतं, पण खालच्या नळाला यायचं, वर न्यायची सोय नव्हती. शेवटी पागोळीखाली हंडा लावला, तोंडाला धुतलेलं सुती कापड बांधलं. पहिली दहा-पंधरा मिनिटं पागोळी तशीच वाहू दिली, कौलांवरची घाण निघून जाऊ दे म्हणून. मग भरलं, उकळलं, मुलांना दिलं. त्यातून मी माप शिकले ते असं: माणशी रोज तीन लिटर प्यायला आणि एक लिटर शिजवायला धर. तुम्हा चौघांचे तीन दिवसांचे ४८ लिटर झाले. फरसाणवाल्याकडे खाद्यतेलाचे रिकामे पंधरा लिटरचे प्लास्टिकचे डबे स्वस्तात मिळतात. चार घे. गरम पाण्याने, सोड्याने दोन-तीनदा धू, उन्हात वाळव. रॉकेलचा, फिनेलचा, रंगाचा डबा चुकूनही घेऊ नको. जूनपासून पाणी भरून ठेव, पंधरवड्याने ओतून नवीन भर. ओतलेलं पाणी भांड्यांना, झाडांना. आणि मेडिक्लोरची, म्हणजे पाणी निर्जंतुक करायच्या क्लोरीनच्या थेंबांची, एक बाटली जवळ असू दे. थेंब किती ते बाटलीवर लिहिलेलं असतं, टाकून अर्धा तास थांबायचं.

पहिल्या महिन्याचे ८०० यातच संपव: डबे, मेडिक्लोर, कागदपत्रांसाठी जाड प्लास्टिकची पिशवी आणि झाकणाचा स्टीलचा डबा. आधार, रेशनकार्ड, पासबुकं, सासूबाईंची प्रिस्क्रिप्शनं, मुलाचा जन्मदाखला, भाडेकरार. फोटो काढून डिजीलॉकरमध्ये किंवा बहिणीच्या फोनवरही ठेव. पंचनाम्याच्या वेळी आमच्याकडे रेशनकार्डाचा नुसता लगदा होता. घरातल्या वस्तूंचे फोटोही आत्ताच काढ. एका वहीत दहा फोन नंबर शाईने नको, पेन्सिलीने लिही. शाई फुटते. त्यात १०८, ११२ आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ असू दे.

खाण्याचं सांगते. गहू साठवू नकोस. २०२१ ला ज्यांचा गहू वाचला त्यांनाही तो खाता आला नाही, कारण लाइट नाही म्हणजे गिरण नाही. न शिजवता खाता येईल ते पहिलं. जाडे पोहे दोन किलो, कुरमुरे, गूळ, शेंगदाणे, डाळं, मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू. पोह्यांवर खोबरं, मीठ, कांदा, लिंबू, थोडं पाणी शिंपडून दडपे केले की चूल लागत नाही. आमच्या तेरा जणांना दोन वेळ त्यानेच तारलं. माडीवरच्या वहिनींनी आषाढी एकादशीसाठी आणलेला राजगिरा आणि शेंगदाणे उरले होते, एकादशी दोनच दिवस आधी झालेली. मुलासाठी नाचणीसत्त्व आणि दुधाची पावडर वेगळ्या लहान बरणीत. सासूबाईंसाठी मात्र गूळ-कुरमुऱ्यावर भागवू नको, त्यांना डाळं, शेंगदाणे, मेतकूट जास्त दे. साखर एकदम उतरली तर म्हणून ग्लुकोजचा पुडा हाताशी हवाच.

यासाठी वेगळा बाजार करायचा नाही. फेब्रुवारीपासून नेहमीच्या किराण्यात दर महिन्याला एक वस्तू किलोभर जास्त आण. नवीन मागे ठेव, जुनं पुढून काढून खा. जे घरात रोज खात नाही ते साठवलं तर त्याला पोरकिडे लागतात आणि पैसे जातात. आपल्या आज्या आगोट करायच्या ती हीच पद्धत. मे महिन्यात तांदूळ, डाळी, वाल, कुळीथ, मिरच्या कडकडीत उन्हात वाळवायच्या, डाळीला एरंडेल चोळायचं, डब्यात कडुलिंबाचा वाळलेला पाला. आमसुलं, आंबोशी, सुकी मासळी, कांद्याची माळ. चार महिने बाजाराचं तोंड पाहायला लागायचं नाही. मला आत्ताच्या मुलींना कळकळीने सांगावंसं वाटतं की ही गरिबीची खूण म्हणून सोडून देऊ नका.

गॅसचं नीट ऐक. भरलेली बाटलीसुद्धा पाण्यात तरंगते. आमची स्वयंपाकघरातून तरंगत पडवीत गेली, रबरी नळी तुटली. पाणी वाढतंय कळलं की रेग्युलेटर काढायचा, बाटलीला टोपी घट्ट लावायची, आणि वर नेता येत नसेल तर दोरीने खिडकीच्या गजाला उभी बांधायची. मेन स्विच पाणी यायच्या आधी खाली. ओल्या हाताने नंतर नको.

आणि पूर ओसरल्यावरचं सामान कोणी लिहीत नाही. गुडघाभर चिखल असतो, त्याला वास असतो. खराटा, फावडं, गमबूट, रबरी हातमोजे, ब्लीचिंग पावडर, फिनेल, माणशी दोन जोड कोरडे कपडे. हे वर ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी घराला हात लावता येतो. आमच्याकडे एक खराटा सात घरांत फिरत होता. चिखलात अनवाणी उतरू नका. पायाला जखम असेल तर झाकून घ्या, लेप्टोची (पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची) भीती असते. आरोग्य खात्याची माणसं गोळ्या घेऊन येतात, त्यांना विचारून घ्या.

मागीलदारी अळू, मिरची, गवती चहा लाव, रोजच्या भाजीचे पैसे वाचतील आणि तेच या कामाला येतील. पुराच्या आठवड्यात मात्र त्याचा भरवसा धरू नको, ते पाण्याखालीच असतं.

वाडीवाला, श्रीवर्धन

काकूंनी सगळं लिहिलंय. आमच्याकडे पूर नव्हता, ३ जून २०२० चं निसर्ग वादळ होतं. दुपारी दोन-तीन तासांत नारळी-पोफळीची वाडी झोपली. वडिलांनी लावलेली पोफळ होती ती. पोफळीला रोप लावल्यापासून धरायला सहा-सात वर्षं लागतात, म्हणजे आमचं उत्पन्न तिथेच थांबलं.

ताई, तुमच्यासाठी तीन गोष्टी. एक, वीज कित्येक आठवडे नव्हती. विहीर भरलेली, पण पंप मुका. ज्यांनी रहाट मोडून टाकला होता ते दारोदार पाणी मागत होते. तुमच्या आवारात विहीर असेल तर दोरी आणि पोहरा आजच घ्या, दोनशे-तीनशेत होतं. दोन, रोख पैसे. टॉवर पडले की फोनवरून पैसे जात नाहीत, एटीएमही बंद. दहा, वीस, पन्नासच्या नोटा मिळून हजार रुपये कागदपत्रांच्या डब्यात ठेवा. पाचशेची नोट घेऊन गेलो तर सुट्टे नाहीत म्हणून परत यायला लागायचं. तीन, ताडपत्री आणि सुंभ मार्चमध्येच घ्या. वादळानंतर पत्रा, कौल, ताडपत्री यांना हात लावता येत नव्हता.

उजेडाला बॅटरी काढता येणारा टॉर्च आणि लहान रेडिओ, दोन्ही एकाच मापाच्या सेलवर चालणारे घ्या. नेटवर्क नसताना आम्हाला बाहेरचं जे कळलं ते आकाशवाणीवरून.

औषधवाली, कराड

माझं मेडिकल दुकान आहे. इन्सुलिनबद्दल लिहिते, कारण पाऊस सुरू झाला की फोन येतात.

न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये, २ ते ८ अंशांत. वापरात असलेली कुपी किंवा पेन साधारण ३० अंशांच्या खाली, सावलीत, सुमारे चार आठवडे चालतं. नेमके दिवस खोक्यातल्या कागदावर असतात, प्रत्येक प्रकाराचे थोडे वेगळे. त्यामुळे दोन दिवस लाइट गेली म्हणून औषध फेकू नका. फ्रिजचं दार उघडू नका. जास्त दिवस गेले तर रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये कापडात गुंडाळून ठेवा. बर्फाला कुपी टेकू देऊ नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन बाद. रेती भरलेल्या दोन मडक्यांची युक्ती उन्हाळ्यात छान चालते, कोकणातल्या जुलैत हवाच दमट असल्याने मडकं फारसं गार होत नाही. नेहमी स्वच्छ दिसणारं इन्सुलिन गढूळ किंवा गुठळ्यांचं झालं तर वापरू नका.

जूनमध्ये डॉक्टरांना सांगून एक महिन्याचं जास्तीचं लिहून घ्या. सुया, स्पिरिटचा कापूस, साखर तपासायच्या पट्ट्याही. ८०० रुपयांत हे बसवायचं तर मे महिन्याचे पैसे याच्यासाठी राखून ठेवा. जिल्हा रुग्णालयात विचारलंत तर खर्च आणखी कमी होऊ शकेल.

खेर्डीची सून

काकू, दादा, ताई, तिघांचे मनापासून आभार. काल रविवारी घरमालकांना विचारलं. २०२१ चा डाग आमच्या दाराच्या चौकटीच्या वर हातभर आहे. कपाटामागे होता, मी आठ महिने पाहिलाच नव्हता. म्हणजे आमचा माळा पाण्याखाली जातो.

वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाशी बोलले. ते पाच जण आहेत. जिन्याच्या वळणावर जागा दिली, आणि त्यांचीही काही तयारी नाही म्हणाले. आज बाजारातून तेलाचे चार डबे आणले, सोड्याने धुऊन गच्चीत पालथे घातलेत. विहीर आवारात आहे, रहाट गंजलाय. ह्यांनी त्याला तेल घातलं, फिरतोय.

एकच विचारते. आता नऊ माणसं झाली, तर मी माप चौघांचं धरू की नऊ जणांचं?

पेठमापची काकू

नऊ जणांचं धर. तीन दिवसांचे १०८ लिटर होतात, म्हणजे डबे आठ. चार त्यांना आणायला सांग. पोहे पाच किलो, अर्धे त्यांचे. टॉर्च आणि रेडिओ एकच बास, पण सेल दुप्पट. त्यांच्याकडे कोणाला रोजची औषधं असतील तर ती यादीही तुझ्या वहीत घे. आंबोशी विकत घेऊ नको, मे महिन्यात माझ्याकडे ये, एक बरणी काढून ठेवते.