हुशार पोरांना गावातून उचलायचं? मला नाही पटत

झेडपी मास्तर, राजापूर:
काल इथे कुणीतरी लिहिलं, कोकणातली हुशार मुलं चौथीनंतर गावच्या शाळेतून उचलून वेगळ्या शाळेत घाला, नाहीतर फुकट जातील. वाचून रात्री झोप नाही आली. एकोणीस वर्षं दोनशिक्षकी शाळेत शिकवतोय. एका खलाशाचा मुलगा चौथीत होता. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे आजोबांनी शिकवलेलं. पाटीवर मांडून म्हणाला, "गुरुजी, पुनवेचे पंधरा पाऊण म्हणजे सव्वाअकरा. पण भरती तर बाराला असते. मधला पाऊण तास गेला कुठे?" दोन दिवसांनी स्वतःच तिथीमागे पाऊण तासाऐवजी ४८ मिनिटं धरून आला. खाडी सोडून हा प्रश्न त्याला सुचला असता?

अंजनवेलची आई:
त्याला तुम्ही भेटलात, गुरुजी. माझ्या मुलीने जूनमध्येच गणिताचं पुस्तक संपवलं. मग वर्षभर बाईंनी तिला बाकीच्यांच्या वह्या तपासायला बसवलं. एक इयत्ता पुढे बसवा म्हटलं तर वय बसत नाही म्हणे. दिवाळीनंतर रोज सकाळी पोटात दुखायला लागलं. पुण्यात ज्ञान प्रबोधिनी १९६२पासून अशा मुलांसाठी झटतेय. आमच्या पोरांनी काय पाप केलंय?

देवगडकर:
आधी शाळेत मास्तर टिकतो का ते बोला! घाटावरचे येतात, जिल्हाबदली मिळाली की चालले. आमच्या वाडीत दोन वर्षांत तिसरे गुरुजी.

झेडपी मास्तर:
घाटावरचे म्हणून हिणवायचं काम नाही. मी साताऱ्याचा. वडील गेले तेव्हा मी इथे परीक्षेच्या कामावर होतो.

देवगडकर:
तुम्ही राहिलात, मान्य. पण इथली डीएड झालेली पोरं आंब्याच्या पेट्या भरतायत, त्याचं काय? आणि टिकलेला मास्तर तरी शिकवणार कधी? ऑनलाइन माहिती भरायची, पोषण आहाराचा तांदूळ मोजायचा. दहावीच्या निकालात कोकण बोर्ड पहिलं आलं की सगळे खूश!

रापणवाला:
माझो झील सांगेलीच्या नवोदयात लागलो. सहावीक सगळ्या जिल्ह्यात मिळान ऐंशी जागा, म्हणान वाडीत पेढे वाटलंय. गणपतीक घराक इलो, तो परत जाताना दाराची कडी सोडी ना. आता बारावीक आसा, बरो शिकता. पण ती कडी माझ्या डोळ्यासमोरना जात नाय.

अंजनवेलची आई:
बदल्यांवर वेगळा धागा काढा हो. गुरुजी, दोनशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकाच खोलीत, तेव्हा तिसरीतलं पोर चौथीचं ऐकून शिकत असेल, एवढं मानते. तुमची बदली झाल्यावर?

झेडपी मास्तर:
वह्या तपासायला बसवलं ते चूकच. आणि बदलीचं म्हणाल, तर त्या भरतीवाल्याला त्याचीही गरज पडली नाही. पाचवीला तालुक्याला गेला. गेल्या महिन्यात धक्क्यावर भेटला, आठवीत आहे. वर्गात प्रश्न विचारतोस ना, म्हटलं. "नाय गुरुजी, पोर्शन राहतो."