ओरेगनमधला पाण्याचा हक्क नदीसाठी लीजवर द्यायचाय, मदत हवी आहे

मंडळी, अमेरिकेच्या पश्चिमेकडे जमीन असलेलं कुणी इथे असेल तर प्लीज सांगा. आम्ही पूर्व ओरेगनमध्ये थोडी जमीन घेतली, तिच्यासोबत ओढ्यातून पाणी उचलायचा हक्क पण आला, त्यावर १८९० च्या दशकातली तारीख आहे. शेती काही आम्हाला सध्या जमणार नाही, आणि ऑगस्टमध्ये त्या ओढ्यात नुसते गोटे दिसतात, मासे डबक्यांत अडकून पडतात, म्हणून म्हटलं आपल्या वाटचं पाणी उचलायचंच नाही, राहू दे ओढ्यात. तर शेजारचे म्हणतात सलग पाच वर्षं वापरलं नाही तर हक्क जातो, आणि तोवर खालचा माणूस तेच पाणी त्याच्या गवताला लावणार. मग काय उपयोग? कुणीतरी सांगितलं की हक्क लीजवर देता येतो. हे खरं आहे का, आणि मासे सोडून बाकी सगळ्यांचा फायदा असं तर होणार नाही ना?

ओढाकाठ:
शेजारी बरोबर बोलतायत. तिकडे जो आधी आला त्याचा नंबर आधी, आणि नुसतं सोडलेलं पाणी कुणाचंच नसतं, पुढचा हक्कवाला ते बिनधास्त उचलतो. पण ओरेगनने १९८७ मध्ये कायदा केला आणि नदीत पाणी ठेवणं हासुद्धा वापरच धरला. तुम्ही लीज केली की तुमचा हक्क तेवढ्या काळापुरता 'नदीतला हक्क' होतो, तारीख तीच जुनी राहते, आणि राज्याचं जलसंपदा खातं लोकांच्या वतीने तो सांभाळतं. म्हणजे १९२० च्या हक्कवाल्याने ते पाणी उचललं तर वॉटरमास्टर (पाणीवाटप सांभाळणारा सरकारी अधिकारी) त्याला बंद करायला लावू शकतो. लीज एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची, मग रिन्यू. त्या काळात न वापरल्याचा ठपका येत नाही.

तुमची तारीखच खरा माल आहे. उशिराच्या तारखेचा हक्क कितीही मोठा असला तरी ऑगस्टमध्ये तो कागदावरच, कारण तोवर त्याची पाळीच येत नाही.

धागाकर्ती:
बापरे, हे माहीतच नव्हतं, थँक्यू! पण एक घोळ आहे, आधीच्या मालकाने शेवटी शेवटी पाणी लावलं होतं की नाही कळत नाही. आणि पुढेमागे थोडं लसूणघास लावलं तर?

ओढाकाठ:
पहिला प्रश्न आधी सोडवा, कारण गेल्या पाच वर्षांत हक्क वापरलेला नसेल तर लीज अडते. जुन्या मालकाला विचारा, विजेची पंपाची बिलं, हवाई फोटो, काहीही चालेल. घासासाठी अर्ध्या हंगामाची लीज असते, सुरुवातीला तुम्ही भिजवायचं आणि उन्हाळा तापला की पाणी नदीला. माशांना तेव्हाच हवं असतं. मोजमाप मात्र चोख ठेवावं लागतं.

नांगरट:
मी जरा उलटं बोलतो. लीज ठीक आहे, पण हक्क कायमचा विकायच्या आधी दहादा विचार करा. ऑस्ट्रेलियात मरे-डार्लिंग खोऱ्यात सरकारने नदीसाठी पाणी विकत घेतलं, त्यावर तिथल्या गावांत केवढा गदारोळ झाला, २०१५ मध्ये खरेदीवर १,५०० अब्ज लिटरची मर्यादा घातली आणि २०२३ मध्ये ती परत काढली. पाणी गेलं की पाटाची देखभाल उरलेल्यांच्या गळ्यात पडते हो.

ओढाकाठ:
मान्य, पण नेवाडातलं वॉकर लेक बघा, वरच्या शेतांनी पाणी उचलून तळं इतकं खारट झालं की तिथले ट्राउट मासे संपले. आता शेतकऱ्यांकडून राजीखुशीने हक्क विकत घेऊनच पाणी खाली सोडतायत. दरवर्षीच्या लीजवर असं तळं भरत नाही.
ताई, तुमचं पाणी थेट ओढ्यातून येतं की इरिगेशन डिस्ट्रिक्टच्या (शेतकऱ्यांना पाटाने पाणी पुरवणारी स्थानिक संस्था) पाटातून? पाटातून असेल तर अर्ज डिस्ट्रिक्टला सोबत घेऊनच करावा लागेल. हक्काच्या सर्टिफिकेटवर बघून सांगा, नाव झाकून फोटो टाकला तरी चालेल.