राष्ट्रपती व्हायला काहीच शिक्षण नको? हे पटतं का तुम्हाला?

नळस्टॉप:
साध्या तलाठ्याला ग्रॅज्युएशन लागतं राव. आणि तिन्ही दलांचा सरसेनापती होणाऱ्याला दहावीचं मार्कशीट पण कोणी विचारत नाही! कलम ५८ काढून बघा, भारताचा नागरिक, वय ३५ पूर्ण, लोकसभेला उभं राहण्याइतकी पात्रता आणि लाभाचं पद (म्हणजे सरकारी कमाईचं पद) नको, संपलं. माझं म्हणणं एवढंच की निदान डिग्री हवी, कायद्याची असेल तर उत्तम, कारण जे बिल समोर येतं ते आधी कळायला तर पाहिजे ना. आणि हे मी एकटाच म्हणत नाहीये, खुद्द पहिले राष्ट्रपती राजेंद्रबाबूंनी २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत खंत बोलून दाखवली होती की कायदा राबवणाऱ्याला पात्रता लागते आणि कायदा करणाऱ्याला काहीच नाही.

वऱ्हाडी_ठेचा:
ते आमदार-खासदारांबद्दल बोलले होते भाऊ, राष्ट्रपतीबद्दल नाही.
आणि डिग्रीचंच म्हणाल तर तेव्हाचे राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद केंब्रिजला शिकलेले, बॅरिस्टर. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीचा कागद आला, मंत्रिमंडळाची बैठक पण झाली नव्हती, ती झाली दुसऱ्या दिवशी सकाळी. तरी सही केलीच ना? उलट नंतरचे राष्ट्रपती झैलसिंग, डिग्री नसलेला माणूस, १९८६ मध्ये लोकांची पत्रं उघडायची मुभा सरकारला देणारं पोस्टाचं बिल आलं तर त्यांनी ना सही केली ना परत पाठवलं, बसले दाबून. राजीव गांधींकडे केवढं बहुमत होतं तेव्हा! आता सांगा कुणाला बिल जास्त कळलं?

नळस्टॉप:
दोन उदाहरणांवरून नियम होत नाही. कलामांचं बघा की, २००६ ला खासदारांची काही पदं लाभाच्या पदातून वगळणारं बिल परत पाठवलं त्यांनी.

वऱ्हाडी_ठेचा:
आणि त्याच्या आदल्या वर्षी बिहार विधानसभा बरखास्तीवर मॉस्कोतून सही, जी पुढे सुप्रीम कोर्टाने घटनाबाह्य ठरवली, ती पण कलामांचीच 🙂 शिवाय ते २००६ चं बिल संसदेने जसंच्या तसं परत पाठवलं आणि मग सही करावीच लागली. दुसऱ्यांदा आलं की पर्यायच नसतो, तिथे पीएचडी पण काय करणार?

खान्देशी_शेवभाजी:
तुम्ही दोघं पण भलतीकडेच चाललात. खरी चाळण कलम ५८ नाहीच, फॉर्मवर ५० सूचक आणि ५० अनुमोदक लागतात, सगळे मतदार म्हणजे निवडून आलेले आमदार-खासदार. १९६७ ला १७ उमेदवार होते, त्यातल्या ९ जणांना भोपळा. असे हौशे-नवशे थांबवायला १९७४ ला १०-१० सह्या केल्या, १९९७ ला ५०-५० आणि डिपॉझिट १५ हजार. तेव्हापासून प्रत्येक वेळी दोनच उमेदवार. म्हणजे पार्टीने ठरवलं की झालं, बायोडाटा कोण वाचतंय. आमच्या जळगावच्या प्रतिभाताई पाटील एमए, वकील, पण २००७ ला शिवसेनेने एनडीएत असून त्यांना मतं दिली ती काय डिग्री बघून? मराठी म्हणून दिली. लोकसंख्येप्रमाणे महाराष्ट्रातल्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५, सिक्कीमच्या आमदाराचं ७, हिशोब असा असतो इथे.

नळस्टॉप:
हिशोब पार्टीचा असेल तर मग अट अजूनच हवी ना, नाहीतर मर्जीतला कोणीही नेऊन बसवतील. चला डिग्री सोडली, अनुभवाची तरी अट घाला. राज्यपाल किंवा मंत्री म्हणून पाच वर्षं. मुर्मूंनी आधी पाटबंधारे खात्यात क्लार्क, मग शिक्षिका, १९९७ ला नगरसेविका, आमदार, मंत्री, असं करत झारखंडचं राज्यपालपद गाठलं आणि २०१७ ला तिथल्या जमिनीच्या कायद्यातल्या दुरुस्त्या परत पाठवल्या, सरकार भाजपचंच असून. हे अनुभवातूनच येतं.

वऱ्हाडी_ठेचा:
मुर्मूंचं मान्य. पण तुमची अट लावली तर कलाम फॉर्मच भरू शकले नसते, कधी राज्यपाल नाही, मंत्री नाही, साधी नगरपालिका लढवली नाही.

नळस्टॉप:
कलामांसाठी अपवाद करता येईल की.

खान्देशी_शेवभाजी:
आणि तो अपवाद कोण ठरवणार? परत पार्टीच 😂